वऱ्हाडाची गाडी आणि माझ्या कमरेची किल्ली

माझे मालक एसटी डेपोत स्पेअर ड्रायव्हर होते. स्पेअर म्हणजे ज्याला स्वतःची ठरलेली गाडी नाही. कुणी आजारी पडलं, कुणी दांडी मारली, की डेपोचा शिपाई आमच्या दाराशी हजर. धुळ्याहून येऊन अंगावर पाणी घेत नाहीत तोच चोपड्याची मुक्कामी गाडी. दोन ड्युट्यांमध्ये विश्रांती द्यायची असा नियम होता, पण आमच्या मालकांना 'नाही' म्हणता येत नव्हतं. शिपायाने हाक मारली की हे 'आलो' म्हणून चपला घालायचे. मी आतून भांडी आपटायची, दुसरं काय करणार?

ड्युट्या लावणारा बाबू मोठा बेरकी. लग्नसराईत वऱ्हाडाच्या गाड्या निघायच्या. त्यांना ओव्हरटाइम, वर टोपी-उपरणं, पंगतीचं जेवण. त्या सगळ्या त्याच्या मर्जीतल्यांना. आमच्या वाट्याला खड्ड्यांचे रस्ते आणि अर्धवट झोप.

एकदा व्हायचं तेच झालं. लागोपाठ ड्युट्या करून येताना पारोळ्याच्या अलीकडे यांचा डोळा लागला आणि गाडी बाभळीत घुसली. देवाची कृपा, कुणाला फारसं लागलं नाही. मोठ्या साहेबांनी विचारलं तेव्हा बाबू सगळ्यांसमोर काय म्हणाला? "घरी बायको झोपू देत नसेल." आख्खं ऑफिस हसलं. हे खाली मान घालून घरी आले. मला हे शब्द यांनी नाही सांगितले, शेजारच्या कंडक्टरच्या बायकोने सांगितले. माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्या दिवसापासून त्या मेल्यावर मी मनात डूख धरला.

पुढच्या वैशाखात बाबूच्या मुलीचं लग्न निघालं, नवऱ्या मुलाच्या गावी, धरणगावला. गाडीवर अर्थातच त्याचा लाडका ड्रायव्हर. तो हळदीच्या जेवणात असा काही जेवला की सकाळी त्याला उभं राहवेना. बाकीचे सगळे लग्नांवर गेलेले. गावात उरले एकटे आमचे मालक, आणि ते डबल ड्युटी ओढून पहाटेच येऊन पडले होते. ती डबल ड्युटी बाबूनेच लावलेली.

या वेळी शिपाई आला नाही. नवी टोपी घालून बाबू स्वतः आला. बातमी कानावर येताच मी दाराला बाहेरून कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली होती आणि ओट्यावर गहू निवडत बसले होते.

"वहिनी, भाऊंना उठवा. वऱ्हाड गाडीत बसलंय, मुहूर्त जवळ आलाय." मग जरा थांबून त्याने विचारलं, "झोप झाली ना त्यांची?"

अस्सं! एवढ्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं, कारण आज गाडीत याची पोरगी होती.

"नाही झाली," मी म्हटलं. "आज बायको झोपू देतेय."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. पाया पडायचाच बाकी राहिला होता. शेजारची म्हातारी अक्का मला म्हणाली, "बाई, बठ्ठं वऱ्हाड खोळंबेल शे, उठाड त्याले." मी म्हटलं, "सगळं वऱ्हाड खोळंबलंय खरं, पण बाबूंनी सांगावं. म्हणत असतील तर उठवते. अर्ध्या झोपेतला ड्रायव्हर चालतो का तुमच्या पोरीला, बाबू? लोकांच्या पोरींना तर चालायचा."

किल्ली मी त्याच्यापुढे धरली. त्याने ती घेतली नाही. ओट्यावर मटकन बसला. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. गाडीतून दोनदा निरोप आला, दोनदा त्याने परत पाठवला. गल्लीत भंगारवाला ओरडत आला, तर बाबूच उठून त्याला म्हणाला, "हळू रे, आत माणूस झोपलाय." मला इतकं गार वाटलं म्हणून सांगू! मुहूर्त टळला. नवरीचं वाईट वाटलं मला, खोटं कशाला बोलू? त्याचं नाही वाटलं.

यांना आपोआप जाग आली तेव्हा दुपार झाली होती. मी कुलूप काढलं, तसे माझ्यावर डोळे वटारून ते तसेच गाडीवर गेले.

रात्री परतले. जेवताना म्हणाले, "दिवस कलता कलता लागलं लग्न. जाताना बाबू सगळा रस्ता माझ्या शेजारी बसून होते. माझ्या डोळ्यांकडेच बघत होते. घामाने भिजून गेले बिचारे, अशी काय भीती वाटत होती कोण जाणे."

"मला माहीत आहे कशी वाटते," मी म्हटलं, आणि त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.