दोघांची साखर

बातमी सोलापूरला, आमच्या दैनिकाच्या कचेरीत, ट्रंककॉलवर आली आणि ती मीच उतरवून घेतली. कळंबचे आमचे वार्ताहर दुपारी फोन करीत. आधी बाजारभाव, मग पाऊसपाणी, मग एखादी सभा किंवा अपघात असा त्यांचा क्रम ठरलेला. त्या दिवशी त्यांनी ज्वारीचा भाव सांगितला, तुरीचा सांगितला आणि थांबले. "साहेब, पुढची बातमी दुसऱ्या कुणाला घ्यायला सांगता का?" म्हणाले. टेबलापाशी दुसरं कुणी नव्हतं. मी म्हणालो, "सांगा, मीच घेतो." त्यांनी एका दमात सांगितलं, "येथील दवाखान्याच्या निवृत्त परिचारिका अनसूयाबाई यांचे आज सकाळी राहत्या घरी निधन झाले." मी लिहून घेतलं. आडनाव विचारावं लागलं नाही. अनसूयाबाई म्हणजे माझी थोरली बहीण, आमची अक्का.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या पानावर ती बातमी नियमाप्रमाणे तीन ओळींत आली. त्याला काही आठवडे होऊन गेले. अक्कानं आयुष्यात मिळवलेली सगळ्यात मोठी गोष्ट त्या ओळींत नव्हती. ती इथं लिहितो.

अक्का जुळ्यातली. आईचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं. आधी अक्का आली आणि तिच्यामागून मुलगा आला, तो न रडताच. ही निजामाच्या काळातली गोष्ट. आमच्याकडं लहान मूल जाळत नाहीत, पुरतात. आणि कुठं पुरलं ते बाळंतिणीला सांगत नाहीत. तिचा जीव तिथं घुटमळू नये, पुढचं मूल सुखरूप यावं, अशी त्यामागची समजूत. आईला तर मूल दाखवलंही नव्हतं. आजोबांनी ते धोतरात गुंडाळून रानात नेलं आणि ते परत आल्यावर घरात तो विषय कायमचा संपला. अक्काला मात्र गल्लीतल्या बायका पुढं कित्येक वर्षं चिडवत, "ही बघा, भावाला वाटंत सोडून आली." अक्का परकरात होती तेव्हापासून तिचं उत्तर ठरलेलं असे, "मी पुढं येऊन दार उघडलं, त्यानं उशीर केला त्याला मी काय करू?"

तिचा नवरा लवकर गेला. मग तिनं सोलापुरात राहून परिचारिकेचं शिक्षण घेतलं आणि कळंबच्या दवाखान्यात लागली. निजामी गेली, राज्यं बदलली, दवाखान्यावरची उर्दू पाटी जाऊन मराठी आली. अक्का तीच राहिली. बाळंतिणीच्या खोलीबाहेर बिड्या ओढत बसलेल्या पुरुषांना ती सरळ म्हणायची, "आत बायको जिवाच्या आकांतानं ओरडतीय आन् तुम्ही इथं धूर काढताय? उठा, पाणी तापवा." लोक तिला भीत आणि अडचणीच्या वेळी तिलाच बोलवत. वडील गेल्यावर आई तिच्याकडं राहू लागली.

एका दुपारी अक्का दवाखान्यातून घरी आली आणि हातपाय धुता धुता तिनं आईला तिथलं सांगितलं. एक मूल मेलेलं जन्मलं होतं. आई तूर निवडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "कुठं ठेवलं ते तिच्या आईला सांगितलं का?"

"कोण सांगतं, आई?"

"व्हय. मलाबी कुणी सांगितलं न्हाय."

अक्कानं हे मला नंतर अनेकदा सांगितलं आणि दर वेळी शब्द तेच असत. इतक्या वर्षांत आईनं त्या मुलाबद्दल काढलेलं ते पहिलं वाक्य होतं. अक्कानं त्याच आठवड्यात रजा टाकली. मला सोलापूरला निरोप आला, "दोन दिवसांसाठी ये. आईच्या माहेरी जायचंय. आईला तिथं नेऊन उभी करायचीय, ती जिवंत आहे तोवर."

येडशीच्या अलीकडचं ते एक लहान गाव. नाव देत नाही. या हकिकतीतली माणसं अजून तिथं नांदताहेत. उन्हाळा होता, रानं नांगरून पडली होती. आजोबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या मुलाला, म्हणजे आमच्या मामांना, एवढंच माहीत होतं की जागा खालच्या रानात आहे, बांधाला लागून, बोरीच्या झाडाखाली. बोर केव्हाच वठली आणि तोडून जळणाला गेली होती. आम्ही बांध या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. बोरीचं खोड नाही, मूळ नाही, रचलेला दगड नाही. मामा पुढं चालत होते आणि त्यांचं बोलणं एकाच विषयावर चाललं होतं. शेजारी दत्तोबा. दत्तोबानं बांध कोरला. दर साल नांगराचं एकेक तास, एकेक चर, आत घेत घेत बांध मामांच्या रानात ढकलला. दोघांची बोलचाल बंद होऊन जमाना झाला होता आणि तहसिलीत दावा पडून होता. दुपारी झाडाखाली भाकरी खातानाही मामांचं तेच चाललेलं. "अनसे, तुला सांगतो, हा बांध कुठल्या कुठं आलाय! माझ्या बापाच्या वक्ताला तो पार तिकडं व्हता, तिकडं!"

अक्कानं हातातला घास खाली ठेवला. "मामा, बांध तिकडं होता म्हणता ना?"

"व्हय की. समद्या गावाला ठावं हाय."

"मग सकाळधरनं आपण इथल्या बांधावर काय शोधतोय?"

बांध सरकला म्हणून ज्या माणसानं उभ्या गावाचे कान किटवले होते, तोच माणूस सरकलेल्या बांधावर जुनी बोर शोधत होता. आम्ही तिघंही उठलो आणि पलीकडं बघायला लागलो. दत्तोबाचं रान काळंभोर नांगरलेलं होतं. त्या सगळ्या नांगरटीत, बांधापासून बरंच आत, एक लहानसा तुकडा तसाच सोडलेला होता. त्यावर वाळलेलं गवत होतं आणि तरवडाचं एक झुडूप. नांगराची तासं तिथवर येऊन वळसा घेऊन पुढं गेली होती.

आधी ओरडले ते मामा. "सापडला पुरावा! आता बघतो दत्त्याकडं. उद्याच पंच आणतो, त्यांच्यासमोर खणून दाखवतो!" ते निघालेच होते. अक्का त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. "मामा, माझा भाऊ तुमच्या दाव्यात साक्षीला उभा राहणार नाही," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. बिड्या ओढणाऱ्यांना बोलायची तोच तो आवाज होता. मामा थांबले.

दत्तोबाकडं अक्का गेली आणि मी तिच्याबरोबर होतो. म्हातारा गोठ्यात बैलाचं दावं वळत बसला होता. अक्कानं आडून काही विचारलं नाही.

"दत्तोबा, रानात मधी तेवढा तुकडा का सोडलाय?"

"खडक हाय बाई खाली. फाळ मोडतो."

"आजूबाजूला कुठंच नाही, आन् तेवढ्यातच खडक?"

"असतो एकेका ठिकाणी."

"मग उद्या दोन गडी लावून तो खडक मी काढून देते. खर्च माझा."

दत्तोबाचे हात दोरावरच थांबले. तो म्हणाला, "नका खणू."

अक्का तिथंच खाली बसली. म्हाताऱ्याची अडचण दिसतच होती. मूल बांधाला लागून पुरलेलं. मूल इथं आहे असं म्हणावं तर बांध इथं होता हे कबूल करावं लागणार. एवढी वर्षं त्यानं बांध खाल्ला, पण तेवढ्या जागेवरून नांगर घातला नाही. आणि नांगर घातला नाही म्हणूनच तो आता सापडला होता. "तुमचा मामा टपूनच बसलाय," तो म्हणाला. "म्या बोललो की गेला बांध माझ्या हातनं. बांधाचं मिटवा बाई. मंग जे डोळ्यानं बघितलं ते समदं सांगतो."

मामांनी ऐकताच नकार दिला. त्यांचं म्हणणं बिनबुडाचं नव्हतं. "मेल्याल्याची जागा बघायला जित्यांची भाकर सोडू? त्यानं चोरी करायची आन् म्या माफ करायची?" अक्कानं वाद घातला नाही. ती कळंबला गेली, मी रजा वाढवून तिथंच राहिलो, आणि तिसऱ्या दिवशी ती आईलाच घेऊन आली. एसटीनं येडशीपर्यंत आणि तिथून पुढं बैलगाडीनं. आईनं भावाच्या घरचं पाणी पिऊन होताच विषय काढला.

"दर साल तू मला साडीचोळी करतोस. ह्या साली नको. पुढंबी नको. मला तेवढा बांध दे."

"तू बांध घेऊन काय करणार हाईस?"

"दत्तोबाला देणार हाय."

मामी चुलीपुढं होत्या, त्यांना हसू आवरेना. मामांनी एकदा बायकोकडं पाहिलं, एकदा बहिणीकडं. "हे बरंय! माझ्याच हातानं माझ्याच चोराला आहेर!" ते उठून ओसरीवर गेले, परत आत आले, पुन्हा बाहेर गेले. शेवटी उंबऱ्यातूनच म्हणाले, "घे. पण साडी स्वस्त पडली असती." दावा मागं घ्यायला ते दुसऱ्या दिवशी स्वतः गेले.

मग आम्ही सगळे खालच्या रानात गेलो. दत्तोबा आधीच येऊन थांबला होता, डोक्याला स्वच्छ मुंडासं बांधून. आईला तरवडापाशी नेलं. दत्तोबानं सांगायला सुरुवात केली आणि मामांनीही मध्ये तोंड घातलं नाही. भुई उन्हानं तापून कडक झालेली होती, आजोबांना एकट्याला खणवेना, म्हणून शेजारच्या रानात औत हाणणाऱ्या तरण्या दत्तोबाला त्यांनी हाक मारली होती. कुदळ त्याची, अर्धा खड्डाही त्यानंच खणलेला. वर मीठ घातलं, दगड ठेवले, काट्या टाकल्या. "ठेवताना धोतराचा सोगा सुटला," दत्तोबा म्हणाला, "तवा बघितलं म्या. गोरं व्हतं. केस लई दाट, कानावर आलेले... झोपल्यावानी दिसत व्हतं."

ते मूल पाहिलेला जगात आता तो एकच माणूस उरला होता. आईनं त्याला पुन्हा सांगायला लावलं. त्यानं पुन्हा सांगितलं. आई अक्काकडं वळली आणि तिच्या अंबाड्याला हात लावून म्हणाली, "तुझंबी तसंच व्हतं जावळ." मी तिच्या रडण्याची वाट बघत होतो. आई रडली नाही. तिनं कनवटीचे पैसे काढून मामांच्या हातात दिले. "गावातनं साखर आण."

"साखर? आत्ता?"

"दोन लेकरं झाली तवा साखर वाटलीच न्हाय. एक गेलं म्हणून दुसऱ्याचीबी ऱ्हायली. दोघांची ऱ्हायलीय."

साखर आली. आईनं ती पदरात घेतली आणि आधी दत्तोबाच्या हातावर ठेवली, मग मामांच्या. मग ती नांगरटीतून ढेकळं तुडवत शेजारच्या रानांत निघाली. खुंट वेचणाऱ्या बायका, गुराखी, विहिरीवरची माणसं, जो भेटेल त्याला देत गेली आणि प्रत्येकाला सांगत गेली, "मला जुळं झालंय. मुलगी आन् मुलगा." अक्का तिच्यामागून चालत होती. ती हसत होती, मोठ्यानं, रानभर ऐकू जाईल असं. एका बाईनं गोंधळून विचारलं, "अन् मुलगी कुठंय?" अक्का म्हणाली, "ही काय, मीच." अक्का इतकी खूश मी आधी कधी पाहिली नव्हती, नंतरही नाही.

मामा आणि दत्तोबा पुढं मित्र झाले असं लिहिता येणार नाही. बांध मिटल्यावर त्यांनी सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडण काढलं आणि ते अजून चालू आहे. आई आणखी काही वर्षं जगली. भावानं नंतर साडी आणली तर ती परत पाठवायची. दिलेला शब्द तिनं स्वतःही पाळला.

अक्का कामावर रुजू झाली आणि तिनं एक रीत सुरू केली. ती कुठं लिहून ठेवलेली नव्हती. मूल मेलेलं जन्मलं की ती दारात उभी राहायची आणि पुरुषांना अडवायची. आईनं पाहिल्याशिवाय मूल न्यायचं नाही, आणि परत आल्यावर जागा सांगायची. म्हाताऱ्या बायका चिडत, रीतभात काढत. अक्का ऐकून घेई आणि दारातून हलत नसे.

अक्का गेल्यावर आम्ही कळंबच्या घरात बसलो होतो. लोक येत होते, चहा घेत होते, जात होते. एक शेतकरी बाई आली, चाळिशीची असावी. भिंतीला टेकून बसली. मग तिनं आपण होऊन सांगितलं की तिचा पहिला मुलगा असाच झाला होता आणि त्याला घेऊन निघालेल्या सासऱ्याला नर्सबाईंनी दारातून परत आत आणलं होतं. बातमीदाराची सवय, मी विचारलं, "कुठं आहे तो?"

ती क्षणभरही थांबली नाही. "मळ्यात, पाटाच्या वरच्या अंगाला, करंजीखाली. माझं खुरपं तिथनंच सुरू होतंय." पदर सावरून ती उठली. "आज येतानाबी थांबले व्हते. म्हणलं, लेकरा, तुला माझ्या हातात देणारी बाई गेली. जाऊन येते."