घराला गिऱ्हाईक येईपर्यंत

सीमेपलीकडच्या कर्नाटकातल्या कमलनगरच्या घराला कुलूप लावलं तेव्हा माय रडली नाही, भांडली. रिक्षा दारात उभी, उदगीरची बस सुटायच्या बेतात, आणि ही शेजारच्या चांदबीला बजावत होती की तुळशीला बादल्या बादल्या पाणी ओतू नको, कुजून जाईल. दादा, म्हणजे माझे वडील, जाऊन वर्ष झालं होतं. जन्मभर बस चालवली त्यांनी आणि त्यातूनच ही शहाबादी फरशीची चार खोल्यांची जागा उभी केली. ते गेल्यावर माय न्हाणीत घसरून पडली आणि दुपारपर्यंत कुणाला पत्ता लागला नाही. मी एकुलती एक, तीही पुण्यात. दुसरं काय करणार होते? चल म्हटलं. बसमध्ये बसल्यावर तिनं एवढंच विचारलं, "परत कवा यायचं?" मी म्हटलं, बघू.

तुमच्यापैकी ज्यांनी आईबापाला असं उचलून शहरात आणलंय त्यांना पुढचं सांगायला नको. आमचा फ्लॅट लहान, म्हणून मायचा बिछाना हॉलमधल्या दिवाणावर. मुलांची ऑनलाइन शिकवणी तिथंच, टीव्ही तिथंच, कुरियरवाला आला तर पहिलं दर्शन मायचंच. लिफ्टमध्ये ती डोळे मिटून उभी राहायची. कन्नड, दख्खनी, मराठी, तिन्ही भाषांत गल्ली डोक्यावर घेणारी बाई सोसायटीत हळू आवाजात बोलायला लागली, आणि तेही फक्त मला काही हवं-नको विचारायला. दिवसभर दिवाणाच्या कडेला बसायची. नीट मागं टेकून बसलेली मी तिला कधी पाहिलीच नाही.

घर विकायचं माझ्याच डोक्यातून निघालं. ते पैसे आले की एक खोली जास्तीचा फ्लॅट घ्यायचा, मायला तिची स्वतःची खोली द्यायची. माय "तुझं तू बघ" म्हणाली. मी तो होकार धरला.

कमलनगरात जागांचे व्यवहार करणाऱ्या शिवप्पाला फोन केला. तो म्हणाला, "अक्का, बंद घर दाखवून उपेग न्हाई. लोक म्हणत्यात, ह्या घरात कुणी टिकत नसंल. तुमी येऊन ऱ्हावा. चुलीवर कायतरी शिजायला पायजे, दोरीवर कपडे पायजेत." पुण्यात घर विकायचं तर रिकामं करतात, रंग काढतात, आपली नावनिशाणी पुसतात. आमच्याकडं उलटं. नांदतं घर असेल तरच गिऱ्हाईक पायरी चढतं. झालं! विकायला काढलेल्या घरात संसार मांडायला आम्ही दोघी उन्हाळ्यात परत आलो. मुलं सासूबाईंकडं, लॅपटॉप माझ्याबरोबर.

काय सांगू तो महिना! बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला की मी उठलेच. चादर ओढ, उशा सरळ कर, मायच्या औषधांची पिशवी कपाटात कोंब. मीटिंग चालू असायची, मी कॅमेरा बंद करून मोरी घासत असायची. माणसं सांगून येत नसत. चपला काढून सरळ आत. कुणी भिंतीवर टिचक्या मारी, कुणी मोटर चालू करून बोअरचं पाणी चाखून बघे, बायका स्वयंपाकघरात डब्यांची झाकणं उघडून मुंग्या लागतात का ते तपासत. कोहिनूर गावाहून आलेला एक जण मोबाइलमधलं होकायंत्र धरून माझ्याभोवतीच फिरला आणि मान हलवत निघून गेला. जसं काही मीच चुकीच्या दिशेला उभी होते! लहानपणी ज्या खिडकीत तंगड्या पसरून मी चिंचा खाल्ल्या, तिथं आता मी अंग चोरून, हसरा चेहरा करून उभी राहायची. ते गेले की राग यायचा. आणि कुणी आलंच नाही की त्याहून जास्त यायचा. बसवत नव्हतं, झोपवत नव्हतं, घराकडं बघवत नव्हतं.

माय मात्र मजेत. येणाऱ्या प्रत्येकाला ती पाहुणा समजायची. चुरमुऱ्यांचा सुशीला परतायची, चहा टाकायची, कुठलं गाव, कुणाची लेक, सगळं खोदून विचारायची. एकानं आपल्या म्हाताऱ्या बापाला आणलं होतं. म्हातारा म्हणाला, फरशी थंड हाय का बघतो, आणि मधल्या खोलीत आडवा झाला तो घोरायलाच लागला. लेक बिचारा ओशाळला, उठवायला गेला. मायनं त्याला दटावलं, "ऱ्हाऊ दे की, कामून उठवायलास?" मग आम्ही सगळे ओसरीवर कुजबुजत बसलो. म्हातारा उठला, मायनं केलेली भाकरी आणि पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी जेवला, आशीर्वाद दिला. घर काही घेतलं नाही. मी चिडले तर म्हणते, "झोप लागली म्हंजी घर चांगलंच हाय की!"

हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं. गुडघ्याचा पट्टा तिनं खुंटीला अडकवला तो पुन्हा काढलाच नाही. भाजीवालीशी कन्नडमध्ये हुज्जत, चांदबीकडं दख्खनीत चहाड्या, येणाऱ्याजाणाऱ्याला दारातूनच हाक. आवाज परत पहिल्यासारखा चढला होता. आणि ती भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून बसत होती. मला आनंद व्हायला हवा होता. खरं सांगते, झाला नाही. माझ्या घरी हिला काय कमी होतं, असंच वाटत राहिलं. एकेक गिऱ्हाईक माघारी जायचं तसं मनातल्या मनात बरंही वाटायचं, आणि शिवप्पाला फोन करून मीच ओरडायची, "अहो, दुसरं कुणी आहे का नाही?"

शेवटी ठाणाकुशनूरचं एक जोडपं आलं. नवऱ्याला इथं बी-बियाण्याचं दुकान टाकायचं होतं, मुलांना इथल्या शाळेत घालायचं होतं. तो गच्चीवर टाकी बघायला गेला. बायको, सविता तिचं नाव, तिनं काहीच बघितलं नाही. माठाशेजारी उभी राहिली आणि मायला म्हणाली, "मावशी, घर चांगलं हाय वो. पर हितं बोलायचं कुणाशी? आमच्या गावात दारात बसलं की दिवस जातंय." बोलता बोलता तिचे डोळे भरले. मी ओळखलं त्या रडण्याला. पुण्यातल्या पहिल्या वर्षी गॅससमोर उभी राहून मी तेच रडले होते.

मायनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "मी हाय की."

मला वाटलं, तोंडदेखलं बोलली. चार दिवसांत पुण्याला निघणारी बाई, हिची काय सोबत करणार?

इसार द्यायला ते शुक्रवारी आले. आमच्याकडं इसाराचे पैसे घरच्या मोठ्या माणसाच्या हातात ठेवतात, ते घेतले की शब्द पक्का, मग साखर वाटायची. शिवप्पानं साखरेची पुडी आणलीच होती. सविताच्या नवऱ्यानं पैसे पुढं केले. मायनं हात पुढं केला नाही. पदर सारखा केला आणि म्हणाली, "माझं एक ऐका. मागली खोली मला किरायानं पायजे."

शिवप्पा माझ्याकडं बघायला लागला. मी तिला आत ओढून नेलं. "माय, काय करायलीस हे?" कितीतरी वर्षांनी माझ्या तोंडून ती बोली आली, तीही ओरडताना. "आपल्याच घरात भाडेकरू होणार तू? लोक काय म्हणतील? पुन्हा पडलीस तर?"

"पडले तर सविता हाय. म्हणून तर घर देवायले तिला," माय म्हणाली. "एवढं घर मला झाडून व्हत न्हाई बाई. एक खोली झाडून व्हतीय. पैसं तू घेऊन जा, तुझी खोली वाढीव, पोरांना व्हईल. तुझ्याकडं मला काय बी कमी न्हाई. पर तिथं मी पाव्हणी हाय गं. किती दिस पाव्हणी ऱ्हाऊ?"

ती बाहेर गेली, इसार घेतला, आणि सवितानं सगळ्यांच्या आधी साखर मायच्या तोंडात घातली. मी एकटीच पुण्याला आले. बसमध्ये उदगीरपर्यंत मायवर रागावले होते, लातूरच्या पुढं स्वतःवर रागावून रडले.

फ्लॅट घेतला. ती जास्तीची खोली आता मुलांची आहे. त्या खोलीत गेलं की अजून मला बसवत नाही. काहीतरी उचलायच्या निमित्तानं जाते आणि बाहेर येते.

दिवाळीला कमलनगरला गेले. फाटकाला नवा निळा रंग, ओसरीवर सविताच्या मुलांच्या सायकली. आयुष्यात पहिल्यांदा त्या पायरीशी मी थबकले आणि परक्या माणसासारखं विचारलं, "येऊ का?" सविता "या की ताई, या" म्हणत लगबगीनं उठली. तेवढ्यात घराच्या पाठीमागून मायचा आवाज आला, पार रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असा:

"रेखा! त्यांच्या दारातून कामून यायलीस गं? आपलं दार हिकडं हाय!"

मी बॅग उचलली आणि भिंतीकडेच्या बोळातून मागं गेले. आता कुणी माहेर कुठलं विचारलं तर सांगते, कमलनगर. पुढून हाक मारू नका, मागच्या दाराला या. माय तिथंच बसलेली असते.