थैली कुठं पडली

सदाशिवरावांचा विषय निघाला की पिपरी मेघेतली माणसं आधी आभाळाकडे हात करायची. एकोणसाठ साली या गृहस्थांनी दोन माणसांचं चिमुकलं विमान एकट्यानं आफ्रिकेपर्यंत नेलं होतं. सोबतीला नकाशा, होकायंत्र आणि बायकोनं दिलेला चिवडा. लोकांना एवढंच ठाऊक. त्या विमानापायी घरात काय मोडलं, ते शोभाबाईंना ठाऊक.

घर तेव्हा अल्लीपूरला होतं. निघण्याआधी सदाशिवरावांनी आठ वर्षांच्या लेकाला, गजेंद्रला कबूल केलं होतं, "अल्लीपुरावर दोन चकरा मारतो, तुह्यासाठी थैली टाकतो." शोभाबाईंनी जुन्या हिरव्या लुगड्याची थैली शिवली. पोरानं शाळाभर डंका पिटला आणि गुरुजींनी हौसेनं सगळी शाळा मैदानात उभी केली. मार्चचं ऊन. पोरांच्या माना दुखल्या, पण विमान काही आलं नाही. त्या दिवसापासून गजेंद्र 'थापाड्या' झाला. पुढं कापडाच्या दुकानात गल्ल्यावर बसला तरी ते नाव सुटलं नाही.

दोन महिन्यांनी सदाशिवराव गळ्यात हार घालून परतले. थैलीचं विचारलं तर म्हणाले, "राहून गेलं." पोरानं तेव्हापासून बापाशी कामापुरतं बोलणं ठेवलं आणि हिंगणघाटला वेगळं बिऱ्हाड केल्यावर तेही टाकलं. बारा वर्षं त्यानं घराचा उंबरा शिवला नव्हता. दिवाळीला आईला फोन करायचा, पण बापाचं नाव काढायचा नाही.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात गजेंद्रच्या मुलीचं, हर्षाचं लग्न ठरलं. पत्रिका आली, पाकिटावर फक्त आईचं नाव. नातीच्या लग्नाला एकटीनं जायचं, की नवऱ्यासोबत घरी बसायचं? शोभाबाई आठ दिवस ती पत्रिका देवापुढून उचलत होत्या आणि पुन्हा तिथंच ठेवत होत्या.

त्याच आठवड्यात डोमाजी नावाचे एक मास्तर सदाशिवरावांच्या सत्काराचं बोलायला आले. चहा पिता पिता खुशीत येऊन म्हणाले, "साहेब, मी तुमचं विमान लहानपणीच पाह्यलं. आमच्या गावावर दोन चकरा मारल्या तुमी, अन् हिरव्या लुगड्याची थैली टाकली! त्यातल्या लिमलेटच्या गोळ्या आमी पोरायनं वाटून खाल्ल्या."

"गाव कोणतं म्हणता तुमचं?" शोभाबाईंनी विचारलं.

गाव नदीपलीकडचं निघालं, अल्लीपूरपासून तीन कोसांवर. सदाशिवराव बशीतल्या चहाकडे बघत राहिले.

मास्तर फाटकाबाहेर पडले आणि शोभाबाई वळल्या. "अवो, म्हणजे तुमी गेलते! मंग पोराले सांगतलं काऊन नाई?"

"काय सांगू? धुळीत नदीचं वळण चुकलो. पुढं गेल्यावर समजलं. आफ्रिका सापडली अन् सोताचं गाव नाई सापडलं, हे कोणाले सांगू?"

शोभाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अडतीस वर्सं! इभ्रत तुमची राहावी म्हणून माह्या लेकरानं थापाड्या व्हावं?" त्यांनी तिथल्या तिथं दुकानाचा नंबर फिरवला आणि रिसीव्हर नवऱ्याच्या हातात कोंबला.

"गजेंद्र, मी बोलून राह्यलो," सदाशिवराव म्हणाले आणि घोटाळले. मग विमानतळावर माहिती द्यावी तसं एकेक सांगत गेले: तारीख, वेळ, उंची, धूळ, नदीचं चुकलेलं वळण. शेवटी आवाज उतरला. "चूक माही होती. तू खोटं नाई बोलला, बापू."

पलीकडं गजेंद्रनं गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं. मग सेहेचाळीस वर्षांच्या त्या व्यापाऱ्यानं विचारलं, "थैलीत काय होतं, बाबा?"

सदाशिवरावांनी रिसीव्हर बायकोपुढं धरला. थैली तिनंच तर भरली होती.

"लिमलेटच्या गोळ्या," शोभाबाई म्हणाल्या, "अन् लाल भोवरा. तू मांगतला होता तो."

गजेंद्रनं नाक ओढलं, ते त्यांना स्पष्ट ऐकू आलं.

"आई," तो म्हणाला, "लग्नाले बाबाले घेऊन येजो."