शेवट फोडणारा

चूक माझीच होती. लग्नानंतरच्या आमच्या पहिल्याच रहस्यपटाच्या मध्यंतरात, वडा खाता खाता, मी सुनंदाला खुनी कोण ते सांगून टाकलं. तेव्हापासून ती रहस्यपटाला मैत्रिणींबरोबर जाते.

काल दुपारी ती खिडकीशी मटार सोलत बसली होती. झडपांमधून उन्हाचे पट्टे तिच्या चेहऱ्यावर पडले होते, थेट जुन्या कृष्णधवल गुन्हेपटांतल्यासारखे. त्या चित्रपटांत नायक सुरुवातीलाच सांगतो, "खून मी केला." तरी आपण शेवटपर्यंत खिळून राहतो, कारण बऱ्या माणसाचा पाय कशापायी घसरला, ते कळायचं असतं. माझं कारण तर मी कधी सांगितलंच नव्हतं. मला एकदम हुरूप आला.

"सुनंदा, कबुली द्यायची आहे."

"कप फोडलात?"

"नाही, शेवट फोडला होता. त्या सिनेमाचा."

ती इतकी हसली की मटार घरभर झाले. "अहो, वीस वर्षं झाली! बरं, का फोडलात?"

"तुझं सगळं लक्ष पडद्याकडे होतं, माझ्याकडे बघतच नव्हतीस. म्हणून तुझी गंमत घालवली. चुकलं माझं. माफ कर."