माश्यांच्या बाजूची मावशी

माझ्या मोठ्या मावशीला माणसं फारशी आवडत नसत. नागपुरातल्या एका कॉलेजात तिनं आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, आणि तिचं ठाम मत होतं की फुलांचं आणि कीटकांचं नीट चाललं होतं, मध्येच माणूस कडमडला.

धरमपेठेतल्या तिच्या सोसायटीत कुणी भरगच्च पाकळ्यांच्या गुलाबाचं कौतुक केलं की ती म्हणे, "नुसता शालू नेसून बसला आहे. याच्या घरी पाहुण्या माशीले पाण्याचा घोट नाही." मधमाशीला 'किडा' म्हणणाऱ्याशी तर ती पुढे बोलतच नसे.

एका संध्याकाळी सोसायटीच्या सेक्रेटरींनी गच्चीवरच्या टाकीखालचं मोहोळ औषध मारून पाडलं. माश्या कुणाला डसल्या नव्हत्या. यांना आपली 'रिस्क नको' होती. सकाळी मावशीनं मेलेल्या माश्या झाडून सुपात भरल्या, सेक्रेटरींच्या घरात शिरली आणि टेबलावर त्यांच्या पोह्यांच्या बशीशेजारी ओतल्या. "घ्या. तुमची शिकार." मी दारात उभा होतो, कुठे पाहावं ते मला कळेना.

पुढच्या पावसाळ्यात त्याच गच्चीवर सेक्रेटरींचा भोपळ्याचा वेल फुलांनी भरला, पण बोराएवढी फळं पिवळी पडून गळू लागली. शेवटी ते मावशीकडे आले.

"मॅडम, खत कोणतं टाकू?"

"खत काहून टाकता? माश्यांची वरात तुम्हीच मारली, अन् आता पाळणा काहून हलून नाही राहिला म्हणून मले विचारता?"

ते मान खाली घालून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी गुडघे धरत गच्चीवर चढली. एक नरफूल खुडलं, पाकळ्या सोलल्या आणि आतले पराग मादीफुलावर हलकेच टेकवले.

"त्यांच्यासाठी?" मी विचारलं.

"हट! वेलानं काय पाप केलं गा?"

फुलं होती तोवर ती रोज जात राहिली. भोपळे धरले. सेक्रेटरींनी एक आणून दिला, तो तिनं दारातूनच परत पाठवला.

गेल्या वर्षी मावशीला रामदासपेठेत दवाखान्यात ठेवलं. सेक्रेटरी चमकी मारलेल्या फुलांचा गुच्छ घेऊन आले. तिनं भिंतीकडे तोंड केलं. निघताना ते चाचरत म्हणाले, "मॅडम, टाकीखाली पुन्हा मोहोळ लागलं. मी कोणाले हात लावू देऊन नाही राहिलो."

मावशी वळली.

"म्हणजे माश्यांनी तुम्हाले माफ केलं," ती म्हणाली. "त्या मोठ्या मनाच्या आहेत. मी नाही."

त्याच आठवड्यात ती गेली. माफ न करताच.