पाटणकर मॅडम आणि फुटलेली पगाराची फाइल

पाटणकर मॅडमच्या टेबलाजवळ कुणी आलं की त्यांचा हात आधी समोरच्या कागदावर जायचा. कागद उलटा, स्क्रीन वळवलेली आणि मगच, "हं, बोला." येणारा माणूस जनरल मॅनेजर असो की चहा घेऊन आलेला मुरुगन, त्यात फरक नव्हता. अंबरनाथच्या एमआयडीसीत आमचा औषधांच्या पॅकिंगचा कारखाना. मॅडम पगार विभागाच्या प्रमुख, मी त्यांच्या हाताखाली. खुर्चीत नीट टेकून बसलेल्या त्या मला आठवतच नाहीत. उभ्यानं जेवायच्या, उभ्यानं सह्या करायच्या आणि बोलता बोलता मध्येच थबकून विचारायच्या, "अनिल, कपाटाला कुलूप घातलंस ना रे?"

सुरुवातीला मी हसायचो. एकदा एक फोन आला, तेव्हापासून हसणं बंद झालं.

"सुरेखाचा भाऊ बोलतोय. आई सीरियस आहे. ती हल्ली कुठं राहते, जरा पत्ता द्या ना."

"तुमचा नंबर सांगा. निरोप देते, तीच फोन करेल."

"अहो मॅडम, इमर्जन्सी है, समझो ना!"

"म्हणूनच नंबर मागतेय."

फोन कट. पॅकिंगमधल्या सुरेखाला बोलावून त्यांनी हे सांगितलं, तेव्हा तिनं टेबलाची कड घट्ट धरली. "मॅडम, मला भाऊच नाही." उल्हासनगरच्या दोन नंबर कॅम्पात राहणाऱ्या नवऱ्याचा मार खाऊन खाऊन ती लेकीला घेऊन निघाली होती आणि बदलापूरला एका खोलीत राहत होती. तिचा ठावठिकाणा नवऱ्याकडच्या कुणालाही ठाऊक नव्हता. आमच्या कारखान्याला मात्र होता, कारण पगारासाठी तो द्यावाच लागतो.

पुढे कंपनीनं पगाराचं काम बाहेरच्या एजन्सीला दिलं. मॅडम मीटिंगमध्ये म्हणाल्या, "घराची किल्ली शेजाऱ्याला देताय, आणि शेजारी कोण ते आपण बघितलेलंही नाही." कुणी मनावर घेतलं नाही.

मग एक दिवस कामगारांना फोन येऊ लागले. बोलणारा समोर बाई आहे की पुरुष ते ओळखून गोड बोलायचा आणि बापाचं नाव, बँकेचं खातं, घरचा पत्ता घडाघडा सांगायचा. शेवटी, "बस, ओटीपी बता दो." मॅडमनी एजन्सीला धारेवर धरलं, तेव्हा उलगडा झाला. आमच्या मुख्य कार्यालयाच्या नावानं कुणीतरी खोटी मेल पाठवली होती आणि तिकडच्या माणसानं खातरजमा न करता सगळ्या कामगारांची फाइल पाठवून दिली होती. दुपारपर्यंत तिची एक कॉपी व्हॉट्सॲपवर फिरायला लागली.

मॅनेजरसाहेबांनी आम्हा दोघांना आत घेतलं आणि दार लावलं. "बाहेर एक अक्षर जायला नको. आधी चौकशी होऊ दे. उगाच पॅनिक होईल."

"चोरांना सगळं कळलंय साहेब. फक्त ज्यांचं आहे त्यांनाच कळलेलं नाही."

"मॅडम, ही कंपनीची माहिती आहे."

"कंपनीची नाही. त्यांची आहे. आपल्याकडे ठेवायला दिली होती."

त्या उठल्या, म्हणजे उभ्याच होत्या, निघाल्या. मला वाटलं, कँटीनकडे जातील. त्या पॅकिंगकडे वळल्या. सुरेखाला बाजूला घेऊन दोन वाक्यांत सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "सायली शाळेत आहे."

"अनिल, रिक्षा!"

बदलापूरपर्यंत मॅडमचा पाय रिक्षाच्या पत्र्यावर सतत आपटत होता. शाळेच्या फाटकातून सायली सुखरूप बाहेर आली, तरी त्या मागे वळून वळून रस्ता बघत होत्या. खोलीवर जायचं नाही, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. मायलेकींना त्यांनी अंबरनाथला, शिवमंदिराजवळच्या स्वतःच्या घरी आणलं. वाटेत सायलीनं विचारलं, "आपण का पळतोय? आपण काय केलंय?" सुरेखानं मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी सायलीचं दप्तर स्वतःच्या मांडीवर घेतलं.

संध्याकाळी बदलापूरच्या घरमालकिणीचा फोन आला. तीन माणसं येऊन दार ठोठावून गेली होती. एकाच्या मोबाइलवर खोली नंबरसकट पत्ता होता.

पण त्याआधी, पाळी बदलायच्या वेळेला मॅडम कँटीनमध्ये पोचल्या होत्या. बाकावर चढून त्यांनी सगळं सांगितलं. काय काय गेलंय, बँकेत आज काय करायचं, पोलिसांत तक्रार कशी द्यायची. मागून जुने कामगार गायकर ओरडले, "आमचं समदं तुमच्याकडंच व्हतं ना? मग?"

"हो. तुम्ही विश्वासानं दिलंत, आम्ही सांभाळलं नाही," मॅडम म्हणाल्या. "शिव्या नंतर द्या. आधी बँकेत चला. मी येते."

आणि गेल्या. बँकेच्या रांगेत, पोलीस ठाण्यात, कामगारांबरोबर दिवसच्या दिवस. कंपनीनं त्यांना नोटीस दिली, गोपनीय बाब फोडल्याबद्दल. ती वाचताना त्या मोठ्यानं हसल्या, मग पाणी मागितलं. महिन्याभरात नोकरी सोडली. त्यानंतर कंपनीनं एजन्सी बदलली, प्रत्येक कामगाराला लेखी कळवलं, माफीही मागितली. मॅडमना हे सांगितलं, तर म्हणाल्या, "बरं झालं. पण जे बाहेर गेलं ते परत येतं का रे? पासवर्ड बदलता येतो. बापाचं नाव कसं बदलायचं?"

घरी बसूनही त्यांना चैन नव्हतं. फोन करून विचारायच्या, "कुणाला कॉल आला का? गायकरांचं खातं ठीक आहे ना?" मागच्या पावसाळ्यानंतर हृदयविकाराच्या झटक्यानं त्या गेल्या.

दहाव्याला सुरेखा आली होती, सायलीला घेऊन. नवऱ्यावर केस चालू होती आणि ती तिसऱ्यांदा जागा बदलून राहत होती. नव्या जागेचा पत्ता मलासुद्धा ठाऊक नव्हता. मॅडमच्या थोरल्या बहिणीनं तिला जवळ बसवून घेतलं आणि सहज विचारलं, "कुठं राहतेस गं बाळ आता?"

मी चटकन विषय बदलायला पुढे झालो. सुरेखानं हातानंच मला थांबवलं. मग गल्लीचं नाव, चाळीचं नाव, कितवं दार, सगळं नीट सांगितलं आणि म्हणाली, "या ना एकदा घरी."