फुगडीला परवानगी

मनगट मोडलं ते मंडईत. त्यात वीरश्री काही नव्हती. हातात कोथिंबिरीच्या जुड्या, पायाखाली कोबीचं ओलं पान आणि मी खाली. भाजीवालीने आधी जुड्या उचलल्या, मग मला. "मावशी, बघून चाला की," म्हणाली. मी बघूनच चालत होते. फक्त फ्लॉवरकडे बघत होते.

हाडांच्या डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या. प्लास्टर घालता घालता त्यांनी विचारलं, "काकू, पाळी कधी बंद झाली?"

"सत्तेचाळिसाव्या वर्षी. निरोपसमारंभ केला नव्हता."

त्या हसल्या नाहीत. एवढ्याशा पडण्याने मनगट मोडायला नको होतं, म्हणाल्या, आणि मला हाडांची घनता मोजायच्या यंत्राखाली झोपवलं. उत्तर आलं उणे दोन पूर्णांक नऊ, म्हणजे हाडं ठिसूळ. जन्मभर ग्रंथपाल होते, बासष्ट वर्षांची झाले, पण शून्याच्या खाली मला कुणी बसवलं नव्हतं. पाळी गेल्यावर हाडं झपाट्याने विरळ होतात, हे ऐकून होते. ती माझी होतील असं वाटलं नव्हतं, इतकंच.

मला मात्र काळजी होती ती श्रावणाची. आम्ही नऊजणी मंगळागौरीचे खेळ करतो. हल्लीच्या नव्या नवऱ्यांच्या नव्या बायकांना पूजा करायची हौस असते, पण झिम्मा-फुगडी येत नाही. मग आमचा संच बोलावतात. नऊवारी नेसून आम्ही दोन-तीन तास धुमाकूळ घालतो. आयुष्यभर लोकांना "हळू बोला" सांगितल्यावर मला हा प्रकार इतका मानवला, की श्रावण संपला की मी पुढच्या श्रावणाकडे डोळे लावून बसते. फुगडी वेगात आली की समोरच्या बाईचा चेहरा तेवढा स्थिर राहतो आणि बाकी सगळं घर, पाहुणे, पंखे, फोटोतले सासरे, एकात एक मिसळून जातं. माणसाला गरगरण्याची इतकी कायदेशीर सोय दुसरीकडे कुठे नाही.

आमच्या संचाच्या प्रमुखबाई बँकेतून निवृत्त झालेल्या. माझा रिपोर्ट त्यांनी चष्मा लावून वाचला.

"अगं, तू यंदा निवेदन कर. तुझी भाषा चांगली आहे."

"म्हणजे मी कोपऱ्यात उभी राहून आपली थोर संस्कृती सांगू आणि तुम्ही खेळणार?"

"मान असतो त्याला."

"तो तुम्ही घ्या. मी तुमच्या जागी घुमते."

त्यांनी रिपोर्ट परत दिला. "डॉक्टरची परवानगी आण, मग बघू," म्हणाल्या.

डॉक्टरांनी पर्याय समजावून सांगितले. आठवड्यातून एक गोळी. किंवा सहा महिन्यांनी एक इंजेक्शन. किंवा वर्षातून एकदा सलाईनमधून औषध. हार्मोन्सची वेळ माझ्या बाबतीत टळून गेली होती. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सगळ्यांबरोबर होतंच, जेवणातल्या मिठासारखं. "विचार करून सांगा," त्या म्हणाल्या. पुण्यातल्या बाईला विचार करून सांगा म्हणणं म्हणजे आठ जणींना विचारून सांगा म्हणणं.

संचात प्रत्येकीचा पंथ निघाला. एक गोळीवाली. एक इंजेक्शनवाली, तिचा धर्म कडक. "तारीख चुकवायची नाही. मनाने बंद केलं तर मणके ढासळतात," असं ती डोळे मोठे करून सांगे. (डॉक्टरांना विचारलं, तर ते खरंच निघालं.) एक नाचणीवाली होती, तिचा औषधांवर विश्वास नव्हता, ती रोज गच्चीत पाठ उन्हाला देऊन बसायची आणि नाचणीच्या आंबिलीचे फायदे सांगायची. तिची हाडं कुणी मोजली नव्हती, त्यामुळे ती उत्तम होती.

घरी ह्यांना विचारलं, "अहो, तुम्ही काय कराल माझ्या जागी?"

"तुझ्या जागी मी फ्लॉवर आणायला गेलोच नसतो," म्हणाले आणि पेपर उलटला.

त्याच आठवड्यात जवळच्या सभागृहात 'पन्नाशीनंतरची हाडे' या विषयावर मोफत व्याख्यान होतं. गेले. दीपप्रज्वलन झालं, वात पेटेना, म्हणून पाच मान्यवरांच्या हस्ते पाच वेळा झालं. स्वागतगीत झालं. पाहुण्यांचा परिचय सुरू झाला तो त्यांच्या प्राथमिक शाळेपासून. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, पुन्हा शाल, कारण पहिली चुकून अध्यक्षांना घातली होती. वक्ते उभे राहिले तेव्हा पुढच्या कार्यक्रमाची मंडळी दारात तबला घेऊन थांबलेली. बिचारे बरे गृहस्थ होते. घाईघाईत एवढंच म्हणाले, "ज्याची त्याची प्रकृती वेगळी, आपल्या डॉक्टरांशी बोला." मग अध्यक्षांनी समाजाच्या कण्यावर अर्धा तास भाषण केलं. तबलेवाले आत येऊन ठोकाठोक करायला लागले तेव्हा कुठे ते बसले.

मी गोळी निवडली. स्वस्त, सुटसुटीत, आणि घराबाहेर जावं लागत नाही. डॉक्टरांनी बजावलं: सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं-प्यायचं नाही. चहासुद्धा नाही.

चहाशिवाय अर्धा तास काय करायचं, हा आमच्या घरात पूर्वी न उद्भवलेला प्रश्न होता. रविवारी गोळी घेतली. हे समोर बसून फुर्रर्र करत चहा पीत होते, मुद्दाम. वेळ वाया घालवणं माझ्या रक्तात नाही. प्लास्टर निघून महिना झाला होता. सतरंजी घातली आणि सूर्यनमस्कार सुरू केले.

चौथ्या नमस्काराला छातीत असा जाळ उठला, की सूर्य प्रसन्न होऊन जातीने आलाय की काय असं वाटलं. दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारची वाट न बघता मी डॉक्टरांसमोर.

"अर्धा तास उभं किंवा बसून राहिलात ना?"

"हो. मधे सूर्यनमस्कार घातले फक्त."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "काकू, मी आडवं होऊ नका म्हणाले होते."

"झोपले कुठे होते?"

"साष्टांग नमस्कारात माणूस कसा असतो?"

मी विचार केला. पालथा, जमिनीला टेकलेला. इतक्या वर्षांत मला कधी वाटलं नव्हतं, की ते आडवं होणं आहे. झोपणं वेगळं, नमस्कार वेगळा. घरात कुणालाही विचारा.

डॉक्टर आता हसल्या, आणि चांगल्या डोळे पुसेपर्यंत हसल्या. मग त्यांना कळलं, की मला पित्ताचा त्रास जुनाच आहे आणि तो मी सांगितला नव्हता, कारण पित्त हा पुण्यात आजार समजत नाहीत. गोळी बंद झाली. कमरेतून पुढे वाकायचे व्यायामही बंद झाले, कारण विरळ मणक्यांना ते सोसत नाहीत. वर्षाला एकदा सलाईन ठरलं. आधी मूत्रपिंडाची तपासणी, रक्तातलं कॅल्शियम, आणि दंतवैद्याची भेट, कारण या औषधावर असताना दात काढणं जोखमीचं. हाडांसाठी दात दाखवून आले.

सलाईनच्या दिवशी हात बांधलेला, औषध थेंबथेंब चाललेलं. डॉक्टर डोकावल्या, तेव्हा मी मूळ प्रश्न विचारला.

"डॉक्टर, फुगडी चालेल का?"

"तुमच्याकडे प्रकार किती?" त्या नगरच्या. "आमच्याकडे एकच असते."

मग मी पडल्यापडल्या प्रकार सांगायला लागले. सांगून कळेना. शेवटी त्यांनी सिस्टरचा हात धरला. "सांगा, मी करून बघते."

"हात फुलीसारखे अडकवा. पावलं जवळ. मागे रेला. आता फिरा. अहो, बघताय काय, फिरा!"

डॉक्टर आणि सिस्टर पांढऱ्या कोटात फिरल्या. दुसऱ्या फेरीला स्टेथोस्कोप उडून पडद्यावर आपटला. पलीकडच्या खाटेवरच्या आजीबाई उठून बसल्या आणि "घट्ट धरा गं!" ओरडल्या. तिसऱ्या फेरीनंतर दोघी भिंतीला टेकून हसत, हेलकावत उभ्या राहिल्या.

"कळलं," डॉक्टर धापा टाकत म्हणाल्या. "हात सुटला तर संपलं. ही नाही."

"आणि बसफुगडी?" मी उकिडवं बसून मारायच्या उड्यांचं वर्णन केलं.

"मुळीच नाही."

"पायाचे अंगठे धरून लोळायचं, ते गाठोडं?"

त्यांनी कपाळाला हात लावला. "काकू, आत्ताच सांगितलं ना मणक्यांचं! झिम्मा काय असतो?"

आजीबाईंनी खाटेवरूनच टाळ्या देऊन दाखवला. उभ्याने, पाय आपटत, फेर धरून खेळायचा, हे मी सांगितलं.

"हे करा. हवं तेवढं करा. हाडांना असा भार चांगलाच. पण कोरड्या फरशीवर, अनवाणी. आणि आज औषध घेतलं म्हणून उद्या लोखंड झालात, असं समजू नका. याला वर्षं लागतात."

घरी गेल्यावर दोन दिवस ताप आला, अंग ठेचल्यासारखं दुखलं. तसं होऊ शकतं, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. ह्यांनी पेपर बाजूला ठेवून पॅरासिटामोल दिली आणि खिचडी केली. खिचडी कच्ची होती. मी संपवली.

श्रावणातला पहिला खेळ हिंजवडीच्या एका उंच इमारतीत होता. नवी नवरी संगणकवाली, फरशी काचेसारखी. मी आधी वाकून, चुकले, गुडघ्यात बसून, ती हाताने तपासली आणि सांडलेलं तीर्थ पुसायला लावलं.

"तू खेळायला आलीस का फरशी पुसायला?" प्रमुखबाई खेकसल्या.

"दोन्ही."

फुगड्यांच्या वेळी मी भिंतीशी उभी राहिले. घुमणाऱ्या त्या दोघींबरोबर माझे पाय जागच्या जागी फिरत होते, खोटं कशाला सांगू. पण मग झिम्मा सुरू झाला. पाय आपटले, टाळी दिली, गिरकी घेतली, टाळी घेतली, फेर वेगात आला. नवरी माझ्या समोर आली आणि तिसऱ्याच फेरीला कंबर धरून थांबली. "आजी, तुम्हाला दम नाही का लागत?"

लागत होता. चांगलाच लागत होता. तिच्या घरातलं झुंबर, तिची सासू, नैवेद्याची ताटं, सगळं माझ्याभोवती लगदा होऊन फिरत होतं आणि मी दोन्ही पायांवर उभी होते.

"टाळीला हात पुढे कर," मी म्हटलं, "आणि बोलू नकोस."